दोनशे सोळा नगांची पेटी आणि कोपरे गेलेला एक बोल्ट

एका वाचक बाईंचा पेच थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे अकरा वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी लहान कार आहे. ऑइल बदलणं, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, बॅटरी आणि जमलंच तर पुढचे ब्रेक पॅड एवढी कामं स्वतः करावीत, असं त्यांच्या मनात आहे. चार पैसे वाचतील आणि गाडीही कळेल. मागच्या महिन्यात त्यांनी स्वस्तातला पान्यांचा सेट आणला. पहिल्याच कामात, ऑइलचा ड्रेन प्लग (इंजिनाच्या तळाशी असलेला, जुनं तेल सोडायचा बोल्ट) सोडवताना, प्लगचे कोपरे गोल झाले आणि फिक्स पान्याचं तोंडही फाकलं. त्या लिहितात, "पाना किंचित हलत होता, पण बसला तर होता." जुनं तेल अजून गाडीतच आहे. आता भाऊ म्हणतो, २१६ नगांची पेटी घेऊन टाक, आयुष्यभराची कटकट मिटेल. ऑफिसातला एक जाणकार म्हणतो, घ्यायचे तर एक नंबर कंपनीचे घे, नाहीतर घेऊच नकोस. त्याची यादी त्यांच्या ऐपतीबाहेरची आहे. शेवटी त्या विचारतात : मुळात हे काम माझ्या हाताला जमणारं आहे का?

---

आधी त्या बोल्टची चौकशी करू, खरेदीचं मग बघू.

झाल्या प्रकाराचा दोष तुम्ही स्वतःच्या हाताला दिलाय, भावाने सेट लहान असण्याला दिलाय आणि ऑफिसातल्या मित्राने कंपनीला. बोल्टला कोणीच काही विचारलेलं नाही. खरी गोम तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे. पाना हलत होता. म्हणजे तो बसला होता, पण मापाचा नव्हता.

तो पाना आत्ता हातात घ्या आणि त्यावर कोरलेला आकडा वाचा. स्वस्त सेटमध्ये मिलिमीटरचे आणि इंचाचे पाने बरेचदा एकाच पिशवीत मिसळलेले असतात. तुमच्या पान्यावर ९/१६ असं काही असेल, तर तो १४.२९ मिलिमीटरचा आहे. १४ च्या बोल्टवर तो आरामात चढतो, जरासा डुलतो आणि जोर लावला की कोपरे खातो. १५ नंबरचा पाना १४ च्या बोल्टवर चढवला तर यापेक्षा वाईट गत होते. अंधारात, गाडीखाली आडवं पडून, तेलकट बोटांनी हा फरक लक्षात येत नाही. माझ्याही आलेला नाही, एकदा नव्हे, तीनदा.

दुसरी गोष्ट, तुम्ही फिक्स पाना वापरलात. दोन्ही टोकांना उघडं तोंड असलेला हा पाना बोल्टच्या सहा बाजूंपैकी फक्त दोन बाजू धरतो. जोर वाढला की त्याचे दोन जबडे बाहेर फाकायला बघतात आणि फाकले की सगळा भार दोन कोपऱ्यांवर येतो. वर्षानुवर्षं घट्ट बसलेला, आधीच्या कोणी तरी दणकून आवळलेला ड्रेन प्लग हे फिक्स पान्याचं काम नाहीच. एक नंबर कंपनीचा फिक्स पाना असता तर तो कमी फाकला असता, एवढंच. अशा बोल्टची पहिली गाठ सोडवायला सहा कोनी सॉकेट हवा, ज्याला गॅरेजात गोटी म्हणतात. तो सहाही बाजूंना मिठी मारतो. रिंग पाना, म्हणजे बंद कड्याच्या तोंडाचा, चालतो, पण तो बहुधा बारा कोनी असतो. बारा कोनी पाना दर ३० अंशांवर पुन्हा बसवता येतो म्हणून अडचणीच्या जागी सोयीचा पडतो, पण त्याची पकड कोपऱ्यांच्या जवळ असते. झिजलेल्या किंवा गंजलेल्या बोल्टवर सहा कोनीच बरा.

तेव्हा हाताचा प्रश्न इथेच मिटवू. तुमच्या हाताने भरपूर जोर लावला, म्हणून तर पाना फाकला. चुकली ती निवड, आणि निवड शिकता येते.

आता भावाची पेटी. २१६ हा आकडा कसा होतो, ते एकदा मोजून बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या टोकाएवढे बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं, असतात, तीस, चाळीस, कधी साठ. तो प्रत्येक एक नग. ॲलन की प्रत्येकी एक नग. उरलेल्या सॉकेटमधले निम्म्याच्या आसपास इंचाच्या मापाचे. तुमच्या गाडीत इंची बोल्ट नसतील, तर हा सगळा ऐवज पेटीत जागा अडवून बसणार, शिवाय घाईत चुकीचा सॉकेट हातात येण्याची सोय करून ठेवणार. नगांची संख्या हे जाहिरातीचं माप आहे. त्या पेटीवर माझा मोठा राग नाही. काही पेट्या खरंच चांगल्या असतात. पण "सगळं आहे" या समाधानासाठी पैसे मोजू नका, कारण सगळं कधीच नसतं. आणि जे नसतं, नेमकं तेच तुम्हाला लागणार आहे. ते पुढे सांगते.

तुमच्या गाडीला नेमकं काय लागतं? याचं उत्तर पेटीवर नसतं, गाडीत असतं. बोल्टच्या डोक्याचं माप कुठल्या पद्धतीच्या मानकाने गाडी बांधली आहे त्यावर ठरतं. जपानी पद्धतीच्या गाड्यांत ६ मिलिमीटर आट्याच्या बोल्टला १० चं डोकं, ८ च्या आट्याला १२ चं, १० च्या आट्याला १४ चं आणि १२ च्या आट्याला १७ चं. युरोपीय पद्धतीत तोच ८ चा आटा १३ चं डोकं घेऊन येतो, १० चा आटा १६ किंवा १७ चं. म्हणून एखाद्या गाडीवाल्याच्या पेटीत १३ चा सॉकेट कोरा करकरीत राहतो आणि शेजाऱ्याच्या पेटीत तोच सगळ्यात आधी झिजतो. युरोपीय गाड्यांत याशिवाय सहा पाकळ्यांच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू जागोजागी भेटतात. तिथे तो बिटांचा ढीग थोडाफार कामाला येतो, हे भावाच्या बाजूने सांगायला हवं.

एक वही घ्या. बॉनेट उघडा आणि जी कामं करायची म्हणता, त्यांच्या वाटेत येणारे बोल्ट एकेक करून पाहा. बॅटरीचं टर्मिनल, बहुतेक वेळा १०. एअर फिल्टरचं झाकण, कदाचित १०, कदाचित नुसते क्लिप, म्हणजे पान्याची गरजच नाही. चाकाचे नट, १७, १९ किंवा २१. स्पार्क प्लगला लागतो खोल सॉकेट, बहुधा १६ चा, जुन्या प्लगना २१ चा, आणि आतून प्लग धरून ठेवणारा रबर किंवा चुंबक असलेला. प्लगचं माप अंदाजाने घेऊ नका, तुमच्या गाडीचा नवा प्लग आधी आणा आणि त्यावरच मोजा. ड्रेन प्लगचं माप तर तुम्हाला आता चांगलंच पाठ झालं असेल. वहीत सात-आठ आकडे जमतील. तीच तुमची खरेदीची यादी, आणि ती मित्राच्या यादीपेक्षा बरीच लहान निघेल.

मित्राचं "उत्तम नाहीतर काहीच नको" हे म्हणणं कुठून येतं, तेही पाहू. रोज आठ तास पाने फिरवणाऱ्या मेकॅनिकचं ते म्हणणं आहे आणि त्याच्यासाठी बरोबर आहे. त्याचं रॅचेट, म्हणजे सॉकेट फिरवायचा दातेरी यंत्रणेचा दांडा, दिवसाला शेकडो वेळा फिरतं, तुटलं तर गिऱ्हाईक खोळंबतं. तुमचं रॅचेट वर्षातून सहा-आठ दिवस बाहेर येईल. तुमच्या कामाला मधल्या दर्जाची हत्यारं पुरतात, आणि हे मी मनाची समजूत घालायला म्हणत नाही. आजीवन वॉरंटीचंही तसंच. तुटलेला सॉकेट कंपनी बदलून देईल, पण गोल झालेला बोल्ट आणि वाया गेलेला रविवार बदलून मिळत नाही.

तरी मित्राच्या बोलण्यातलं एक खरं घ्यायचं. सगळीकडे सारखीच काटकसर करायची नाही. जिथे हत्यार फसलं तर बोल्ट, बोट किंवा जीव जातो, तिथे पैसे घाला. बाकी ठिकाणी हात आखडता घ्या. पकड, हातोडी, फनेल, गळणारं तेल झेलायचा ट्रे, हे स्वस्तातलं चालतं. बोल्टला जे प्रत्यक्ष भिडतं, ते नाही.

बघायचं कसं? 'क्रोम व्हॅनेडियम' (पोलादाचा एक मजबूत प्रकार) असा ठसा पाहून भुलू नका. ठसा कशावरही मारता येतो. सॉकेट उजेडाकडे धरा आणि तोंडातून आत बघा. सहा बाजू सरळ, स्वच्छ हव्यात. तोंडाशी कड किती उतरती केली आहे तेही पाहा. ती उतरण खोल असेल, तर बुटक्या डोक्याच्या बोल्टवर सॉकेटची पकड निम्मीच राहते. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. आकडा मोठा आणि खोल कोरलेला हवा, कारण रंगवलेला आकडा तेलात पुसला जातो आणि मग पुन्हा तीच चौदा-पंधराची गल्लत. मुलाम्याचे पोपडे सुटत असतील तर तो नग बाजूला ठेवा. क्रोमचा पोपडा ब्लेडसारखा कापतो.

रॅचेटचा चौकोन, म्हणजे ज्यावर सॉकेट बसतो तो खुंट, तीन मापांत येतो : पाव इंची, तीन सुती म्हणजे ३/८ इंच, आणि अर्धा इंची. सॉकेट मिलिमीटरचे असले तरी हा चौकोन जगभर इंचातच असतो, त्याने गोंधळून जाऊ नका. एकच घ्यायचा तर तुमच्या कामाला तीन सुती घ्या. १० पासून १९ पर्यंतचं बहुतेक सगळं त्यात होतं आणि तो अडचणीत शिरतो. रॅचेटला ७२ दाते असतील तर दर ५ अंशांना पुढचा दाता पकडतो, २४ असतील तर १५ अंश फिरवावं लागतं. इंजिनाच्या कोंदट जागेत हा फरक फार जाणवतो. कानाशी धरून फिरवा. टिकटिक एकसारखी हवी. मध्येच एखादा ठोका गाळणारं रॅचेट घेऊ नका.

मात्र घट्ट बसलेला बोल्ट रॅचेटने सोडवायचा नाही. हे मी बोटांच्या सालपटांची किंमत मोजून शिकले. माझं पहिलं रॅचेट चांगलं दिसायचं, मुठीला लाल रबर वगैरे. चाकाचा एक नट हलेना म्हणून त्यावर लोखंडी नळी चढवून रेटलं. आतला दाता निसटला आणि माझी मूठ जाऊन मडगार्डच्या कडेवर आपटली. दोन आठवडे भांडी घासताना त्या रॅचेटची आठवण यायची. पहिल्या झटक्यासाठी ब्रेकर बार असतो : दांडा लांब, आत दाते नाहीत, मोडण्यासारखं फारसं काही नाही. हिशोब साधा आहे. चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळलेला असेल, तर गाडीबरोबर येणाऱ्या २५ सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारे ४० किलोचा भार द्यावा लागतो. ६० सेंटिमीटरच्या बारवर तेच काम १७ किलोत होतं. गंजलेला असेल तर दोन्ही आकडे वाढतात, पण फरक तोच राहतो. "हाताला जमत नाही" असं वाटण्यामागे पुष्कळदा दांडा आखूड असतो. आणि शक्यतो पाना स्वतःकडे ओढा. ढकलावंच लागलं तर तळवा उघडा ठेवून ढकला, म्हणजे निसटलं तरी बोटांची गाठ कशाशी पडत नाही.

आता मघाशी म्हटलं ते, जे २१६ नगांत सहसा नसतं.

पहिलं म्हणजे जॅक स्टँडची जोडी. गाडी उचलल्यावर चेसिसखाली लावायचे हे लोखंडी पाय. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही, हात तेवढा घालते म्हणूनही नाही. पत्रात तुम्ही ड्रेन प्लगबद्दल लिहिलंत, पण गाडी कशावर उभी होती ते लिहिलं नाहीत. वाचताना मला त्याचीच जास्त काळजी वाटली. बजेटमधले पहिले पैसे या जोडीला आणि गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावायच्या उटींना. विटा किंवा लाकडी ठोकळ्यांची चळत ही त्यांची जागा घेऊ शकत नाही.

दुसरं, टॉर्क रेंच. ठरवलेल्या जोराला 'टक' करून सांगणारा पाना. सोडवण्याची हौस सगळ्यांना असते, पण नुकसान जास्त होतं ते आवळताना. ॲल्युमिनियमच्या ऑइल पॅनचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे, आटे गेले तर पॅनच बदलायची वेळ येते. चाकांसाठीचा मोठा टॉर्क रेंच प्लगसाठी वापरू नका. आपल्या पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला तो भरवशाचा राहत नाही. आत्ता एकच परवडत असेल तर चाकाचा घ्या. ड्रेन प्लग आणि स्पार्क प्लगला लागणारा छोटा पुढे कधी तरी, किंवा कोणाकडून उसना. टॉर्क रेंचने बोल्ट सोडवायचा नाही आणि काम झाल्यावर स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायची. जोराचे आकडे गाडीच्या पुस्तिकेतून घ्या, माझ्याकडून नको.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल एकच सांगते. जपानी गाडीतले फुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स टोकाला नीट बसत नाहीत. टोक वर उसळतं आणि खाच खराब होते. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर त्या पद्धतीचा ड्रायव्हर मागा.

मग घ्यायचं कसं? मी तुमच्या जागी असते तर तीन हप्त्यांत घेतलं असतं. पहिल्या हप्त्यात जॅक स्टँड आणि उटी, ड्रेन प्लगच्या मापाचा एक चांगला सहा कोनी सॉकेट आणि ब्रेकर बार. बस्स. दुसऱ्यात तीन सुती चौकोनाचा, फक्त मिलिमीटरचा, चाळीसेक नगांचा मध्यम सेट, ज्यात ८ ते १९ पर्यंतची सलग मापं आहेत. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा, कारण बऱ्याच सेटमधून मधलीच मापं गायब असतात. ब्रेकर बार पहिल्या हप्त्यातच त्याच चौकोनाचा घेतला तर सॉकेट दोन्हीकडे चालतात. चाकाच्या नटांसाठी मात्र अर्धा इंची बरा, त्यामुळे पुढे एक अडॅप्टर किंवा चाकाचा एक वेगळा सॉकेट लागेल. तिसऱ्या हप्त्यात टॉर्क रेंच, आणि ८ ते १७ पर्यंतचे एका टोकाला रिंग, एका टोकाला उघडं तोंड असलेले पाने. वर्षातून एकदा लागणारी वस्तू, जसं की फिल्टरचा पाना किंवा ब्रेकचा पिस्टन मागे दाबायचा क्लँप, काम समोर आल्याशिवाय आणूच नका.

जुन्या हत्यारांनाही नाक मुरडू नका. चाळीस वर्षं वापरलेला रिंग पाना आतून कोपरे शाबूत असतील तर उत्तमच आहे. एवढी वर्षं टिकला, हीच त्याची परीक्षा. अपवाद टॉर्क रेंचचा. तो किती वेळा पडला आणि किती वर्षं आवळलेल्या स्प्रिंगने पडून होता हे बाहेरून दिसत नाही.

पैसे वाचवण्याबद्दल तुमची थोडी निराशा करते. पहिल्या वर्षी काही वाचणार नाही, हत्यारांतच जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हिशोब फिरेल, तोही तुम्ही खरोखर कामं करत राहिलात तर. ब्रेक पॅड पहिल्यांदा एकटीने बदलू नका. ज्याने आधी केलंय अशा कोणाला शेजारी उभं करा, हात मात्र तुमचेच लावा. आणि काढलेलं जुनं तेल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. ते घेणाऱ्या ठिकाणी नेऊन द्यायचं, त्यासाठी बंद डबा आधीच जवळ ठेवा.

राहिला तो गोल झालेला प्लग. त्यावर आता फिक्स पाना पुन्हा लावूच नका. आधी त्याचं डोकं ब्रशने घासून स्वच्छ करा आणि शक्य असेल तर आट्यांच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. मग एक नंबर लहान, म्हणजे १४ असेल तर १३ चा सहा कोनी सॉकेट हातोडीने हलके ठोकत चढवून बघा. हा सॉकेट स्वस्तातला घ्या, तो बळी जाणारच आहे. चढला तर ब्रेकर बार लावून एकच सावकाश, वाढता जोर द्या, हिसके नकोत. नाही चढला तर गोल डोक्यांसाठी आतून पिळाच्या कडा असलेले खास सॉकेट मिळतात. तेही फसलं तर गाडी गॅरेजात न्या आणि तेवढं काम त्यांच्याकडून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. सोडवण्याची दिशा मात्र आधी पक्की करा : खाली झोपून वर बघताना, प्लगच्या डोक्याकडे तोंड करून, घड्याळाच्या उलट. गाडीखाली डावं-उजवं भल्याभल्यांचं फिरतं.

आणि हे सगळं करण्याआधी एक नवा ड्रेन प्लग आणि त्याचा नवा वायसर आणून ठेवा. सॉकेट घ्यायला जाल तेव्हा तो नवा प्लग खिशात असू द्या. समोर ठेवलेला प्रत्येक १४ चा सॉकेट त्यावर चढवून बोटांनी हलवा. चार-पाच चढवून पाहिलेत की कुठला डुलतो आणि कुठला बसतो, ते तुमच्या बोटांना कळेल.